पाटीवरचं नाव

ग्वाल्हेरला पाहुणे आले की त्यांना दोन गोष्टी दाखवाव्याच लागतात. एक किल्ला आणि दुसरी जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी. किल्ल्याच्या कड्यात कोरलेल्या तीर्थंकरांपुढे पाहुणे हात जोडतात, आगगाडीपुढे मात्र हसतात. हसण्यासारखीच आहे ती. शिंदे सरकारांनी इंग्लंडहून आणवलेली, रुळांवरून टेबलभर फिरणारी, पाहुण्यांपुढे मद्याच्या सुरया आणि सिगार नेणारी. कुणी सुरई उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की पुन्हा चालायची. राजाचं खेळणं म्हणजे असं!

त्याच इंग्लंडात त्या काळी आणखी एक खेळणं मिळायचं, एका पेनीला. कागदाचं नाटकघर. मला राजाच्या गाडीपेक्षा या पेनीच्या खेळण्याचं आणि ते विकणाऱ्या एका दुकानाचं कुतूहल जास्त आहे. लंडनच्या हॉक्स्टन नावाच्या गरीब वस्तीतलं हे दुकान. दीडशे वर्षांहून जास्त काळ ते या ना त्या रूपात टिकलं, आणि त्याच्या जवळजवळ प्रत्येक अवघड वळणावर बायकांचे हात त्याला सावरायला होते. पाटीवर मात्र नाव राहिलं पुरुषाचं. आपल्या घरोघरी जे घडतं तेच सातासमुद्रापार एका खेळण्याच्या दुकानात घडलं, म्हणून ही हकीकत तुम्हाला सांगावीशी वाटते.

आधी हे खेळणं काय होतं ते सांगते. देव्हाऱ्याएवढी एक लाकडाची किंवा पुठ्ठ्याची चौकट. समोर छापील कमान आणि पडदा, मागे राजवाडा, जंगल, गुहा असे देखावे, दोन्ही बाजूंना झाडांच्या नाहीतर खांबांच्या पट्ट्या. पात्रं कागदाची, बोटभर उंचीची. छापील पान विकत आणायचं, पात्रं रंगवायची, पुठ्ठ्यावर चिकटवायची, कात्रीनं कापायची आणि तारेच्या लांब दांडीवर बसवून बाजूनं आत सरकवायची. सोबत नाटकाची छोटी पुस्तिका मिळायची. घरातलं एक पोर ती मोठ्यानं वाचणार, दुसरं पात्रं सरकवणार, आणि आई, आजी, शेजारीपाजारी समोर बसून बघणार. एका नाटकाची आठ-दहा पानं असत, कधी वीसही. पान साधं असेल तर एक पेनी, रंगवलेलं असेल तर दोन पेन्स.

या खेळण्याचा जन्म लंडनच्या खऱ्या नाटकघरांच्या आसऱ्यानं झाला. १८११ च्या सुमाराला विल्यम वेस्ट आणि त्याच्यासारखे छापखानेवाले गाजत्या नाटकांतल्या नटनट्यांची चित्रं छापून विकू लागले. लोक ती आठवण म्हणून घेत. मग पोरांनी त्या चित्रांना कात्री लावली आणि नाटक घरी आणलं. छापणाऱ्यांनीही ते ओळखून देखावे, पडदे आणि पुस्तिका छापायला सुरुवात केली. त्यांत सगळ्यात लाडकं झालं ते ‘द मिलर अँड हिज मेन’. १८१३ साली रंगभूमीवर आलेलं हे दरोडेखोरांचं नाटक. शेवटी गिरणी उडते. घरच्या खेळात पोरं त्या वेळी लाल उजेड पाडणारी पूड पेटवायची. किती घरांतल्या आयांनी त्या वेळी पाण्याचा तांब्या जवळ ठेवला असेल, ते आपल्याला सांगायला नको.

आपल्याकडेही छापील चित्रानं असंच घर गाठलं. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईला घाटकोपरमध्ये छापखाना काढला आणि लक्ष्मी, सरस्वती, दमयंती भिंतीभिंतीवर आल्या. पण आपल्या बायका नुसतं चित्र टांगून थांबल्या नाहीत. त्यांनी त्या छापील लक्ष्मीला जरीचं लुगडं नेसवलं, टिकल्या लावल्या, मणी चिकटवले. जुन्या घरांत अशा सजवलेल्या तसबिरी अजून दिसतात. इंग्लंडातही अगदी हीच हौस होती. नटांच्या छापील चित्रांवर चमकीचा पत्रा आणि रेशमाचे तुकडे चिकटवून लोक ती मढवत. कागद स्वस्त, पण त्याच्यावर हात फिरला की तो आपला होतो, हे दोन्हीकडे कळलेलं होतं.

आता दुकानाकडे वळू. १८५० च्या आसपास जॉन रेडिंग्टन नावाच्या माणसानं हॉक्स्टन स्ट्रीटवर छपाईचं आणि किरकोळ सामानाचं दुकान थाटलं. ग्रीन नावाच्या जुन्या प्रकाशकाची नाट्यपानं तो विकायचा. ग्रीन वारल्यावर त्याच्या कोरीव ताम्रपट्ट्या रेडिंग्टननं घेतल्या आणि पुढे स्वतःची नाटकंही काढली. १८७६ साली रेडिंग्टन गेला. दुकान आलं त्याच्या लेकीकडे, एलिझाकडे. तिचं लग्न झालं बेंजामिन पोलॉक नावाच्या तरुणाशी, आणि दुकानाच्या पाटीवर नाव चढलं ‘बी. पोलॉक’.

इथे क्षणभर थांबा. पट्ट्या बापाच्या, गिऱ्हाईक बापाच्या काळचं, हा धंदा पाहत वाढलेली ती लेक. आपल्याकडे जावई सासऱ्याच्या घरी राहिला तर त्याला घरजावई म्हणून चिडवतात. म्हणजे निदान घर कुणाचं आहे हे तरी त्या शब्दात शिल्लक राहतं. इंग्रजी पाटीनं तेवढंही शिल्लक ठेवलं नाही. पोलॉक वाईट माणूस होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्यानं हे दुकान साठ वर्षं प्रेमानं चालवलं, इतरांनी हा धंदा सोडला तरी त्यानं सोडला नाही. मी पाटीबद्दल बोलते आहे.

पोलॉकचं नाव जगभर गेलं ते रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनमुळे. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा हाच तो. लहानपणी एडिंबरोत एका दुकानाच्या खिडकीला नाक लावून तो ही पानं बघत असे. १८८४ साली त्यानं या खेळण्यावर एक लेख लिहिला, त्याचं शीर्षकच ‘साधं एका पेनीला, रंगीत दोन पेन्सला’ अशा अर्थाचं. विकत घेण्यातला आणि रंगवण्यातला आनंद सगळ्यात मोठा, प्रत्यक्ष नाटक करायला बसलं की त्यातला राम जातो, असं त्याचं म्हणणं. लेखाच्या शेवटी त्यानं वाचकांना पोलॉकच्या दुकानाकडे पिटाळलं. तेव्हापासून त्या गरीब वस्तीत बडे लोक यायला लागले. रशियन नृत्यमंडळीचा प्रमुख दिआघिलेव यानं तर पोलॉकच्या पानांवरून देखावे घेऊन १९२६ साली एक बॅले रंगभूमीवर आणला.

पण बडे लोक येऊन पोट भरत नाही. पोट भरायचं ते पेन्यांवर, आणि दुसरी पेनी मिळायची ती रंगाची. म्हणजे दुकानाची अर्धी कमाई हाताच्या रंगकामावर. हे काम घरातच होई, आणि लुईझा व सेलिना या पोलॉकच्या मुली त्यात वाढल्या. पानामागून पान, लाल, निळा, पिवळा. एकच दरोडेखोर शंभर वेळा, त्याचा तोच झगा शंभर वेळा. ज्यांनी संक्रांतीला शेकड्यानं हलव्याचे दागिने ओवले आहेत, किंवा पर्युषणात पाठशाळेच्या पोरांसाठी रात्रभर बसून मुकुट कापले आहेत, त्यांना हे काम कसं असतं ते कळेल. त्याला कुणी कला म्हणत नाही. ‘बसल्या बसल्या होतं’ असं म्हणतात.

त्यातला गडद लाल रंग, क्रिमझन लेक, हा मूळचा किड्यांपासून काढलेला. हे वाचलं तेव्हा माझं मन थोडं चरकलं. श्रावकानं जे पंधरा धंदे टाळावेत असं आपल्या शास्त्रात सांगितलं आहे, त्यांत लाखेचा व्यापार आहे तो याच कारणानं. खेळणं कितीही निरागस दिसलं तरी त्याच्या मागे कुणाचा जीव, कुणाचे डोळे, कुणाची पाठ खर्ची पडली आहे हे विचारायची सवय आपल्याला लहानपणी लावलेली असते. ती सवय चांगली आहे. फक्त ती किड्यापाशी थांबू नये, रंग देणाऱ्या बाईपर्यंत पोहोचावी, एवढंच.

१९३७ साली बेंजामिन पोलॉक वारला. लुईझा आणि सेलिना दोघींनी दुकान चालू ठेवलं. दोघी अविवाहित. काळ बदललेला होता, पोरांना सिनेमा मिळाला होता, आणि मग युद्ध आलं. लंडनवर बाँब पडत होते. १९४४ साली बहिणींनी सारा माल, पट्ट्या आणि नाव ॲलन कीन नावाच्या जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याला विकलं. हॉक्स्टनच्या त्या जुन्या जागेचंही बाँबहल्ल्यात नुकसान झालं.

कीननं शहराच्या झकास भागात नवं दुकान थाटलं. लॉरेन्स ऑलिव्हिएचा ‘हॅम्लेट’ सिनेमा १९४८ साली आला, तेव्हा त्याचंही कागदी नाटकघर काढलं. भांडवल होतं, ओळखी होत्या, जाहिरात होती. तरी थोड्याच वर्षांत दिवाळं वाजलं, आणि सगळा माल कर्जवसुलीवाल्यांच्या ताब्यात जाऊन पडला. दोन बहिणींनी मंदीच्या आणि युद्धाच्या दिवसांतही चालू ठेवलेलं दुकान भांडवलवाल्यांच्या हाती टिकलं नाही. याचा अर्थ बायका धंद्यात जास्त हुशार असा मी काढत नाही. अर्थ एवढाच की घरातल्या ज्या श्रमाला कुणी हिशेबात धरलं नव्हतं, तो श्रम गेल्यावर हिशेब जुळेना.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १९५५ साली मार्गेराइट फॉड्री नावाच्या एका बाईला आपल्या मुलाच्या कागदी नाटकघरासाठी पात्रं सरकवायच्या तारा हव्या होत्या. साध्या तारा! त्या पोलॉककडे मिळायच्या, पण पोलॉक तर बंद. तिनं चौकशी केली. उत्तर मिळालं की हजारो तारा गोदामात पडल्या आहेत, पण त्या शोधून द्यायला माणूस नाही. हव्या असतील तर सगळा मालच घ्या. आणि तिनं खरोखर सगळा माल घेतला. भाजी आणायला गेलेली बाई मंडईच घेऊन आली म्हणा ना!

पुढच्याच वर्षी तिनं मनमथ स्ट्रीटवर दुकान उघडलं आणि वरच्या माळ्यावर छोटंसं खेळण्यांचं संग्रहालय सुरू केलं. बाहुल्या, चाकांचे घोडे, बाहुल्यांची घरं जमत गेली. १९६९ मध्ये संग्रहालय स्काला स्ट्रीटवरच्या जुन्या घरांत गेलं. तिथल्या अरुंद जिन्यांवरून लंडनच्या पोरांच्या दोन-तीन पिढ्या वरखाली धावल्या. १९८० मध्ये कॉव्हेंट गार्डनच्या बाजारात दुकानाची शाखा निघाली. १९८८ साली बाल्डविन नावाच्या दोन भावांनी ती घेतली, आणि तेव्हापासून दुकान व संग्रहालय वेगळे झाले. मार्गेराइट फॉड्री १९९५ साली गेली. स्काला स्ट्रीटवरचं संग्रहालय २०२३ च्या जानेवारीत बंद झालं. दुकान कॉव्हेंट गार्डनात पुढे चालत राहिलं, आणि पाटीवर नाव तेच, बेंजामिन पोलॉक.

एलिझा, लुईझा, सेलिना, मार्गेराइट. चार बाया. एकीकडे वारसा आला, दोघींनी तो जपला, चौथीनं तो गोदामातून बाहेर काढला. मी हे कौतुक म्हणूनच सांगते, तक्रार म्हणून नाही. पण तक्रार अगदीच नाही असंही नाही.

आता आपल्या गावाकडे या. ग्वाल्हेरच्या कापडी बाहुल्या तुम्ही पाहिल्या असतील. चिंध्यांचं अंग, रेघांचे डोळे, गोटा-किनारीचे घागरे. नवरा, नवरी, वराती, वाजंत्री असा पूर्ण लवाजमाही करतात. या बाहुल्यांना आपल्याकडे ‘बत्तोबाईच्या बाहुल्या’ म्हणतात, त्या करणाऱ्या बाईच्या नावानं. केवढी मोठी गोष्ट आहे ही! पोलॉकच्या दुकानाला जे दीडशे वर्षांत जमलं नाही ते आपल्या गावच्या बाजारानं सहज केलं. वस्तूवर हात कुणाचा, तर नाव तिचं.

या बाहुल्यांचा सण म्हणजे अकती, आपली अक्षय्य तृतीया. बुंदेलखंडात आणि आपल्या भागात त्या दिवशी मुली बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. आपल्या जैन घरांत तो दिवस वेगळ्याच कारणानं मोठा. दीर्घ उपवासानंतर भगवान ऋषभदेवांना हस्तिनापुरात श्रेयांस राजानं उसाचा रस दिला, तो हा दिवस. सकाळी देवळात आहारदानाची कथा आणि संध्याकाळी गल्लीत बाहुलीची वरात, असे दोन्ही सोहळे एकाच तारखेला. इंग्लंडातलं कागदी नाटकघर मुख्यतः मुलग्यांसाठी होतं, त्यात लढाया आणि दरोडे. आपल्या पोरींचं नाटक लग्नाचं. पण दोन्हीकडे पोरं करतात तेच, मोठ्यांचं जग बोटभर करून हातात घेतात.

आणि आपल्या मराठी घरांतलं नाटकघर म्हणजे रुखवत. कागदाचं देऊळ, पुठ्ठ्याची बैलगाडी, साखरेची तुळस, सप्तपदी चालणारी बोटभर जोडी. नवरीच्या आत्या, मावश्या, मैत्रिणी महिनाभर खपतात. लग्नाच्या दिवशी ते तासभर मांडलं जातं, पाहुणे ‘छान, छान’ म्हणतात, आणि मग ते खोक्यात जातं. कुणी केलं? ‘मुलीकडच्यांनी.’ झालं. एलिझाची पाटी आपणही रोज लिहितो ती अशी.

कुणी म्हणेल, एवढं काय, कागद-चिंध्यांचीच तर खेळणी. त्यांच्यासाठी आपल्याच परंपरेतली एक कथा सांगते. यशोधर राजाची. उज्जयिनीचा हा राजा, त्याला वाईट स्वप्न पडलं. आईनं सांगितलं, देवीला बळी दे. राजाचं मन धजेना, म्हणून त्यानं पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. पिठाचाच तर होता! पण मारायचा भाव खरा होता, आणि त्या भावानं मायलेकरांना मोर, कुत्रा अशा कितीतरी जन्मांतून फिरवलं. याच कथेमुळे अनेक जैन घरांत प्राण्याच्या आकाराची मिठाई, साखरेचे हत्ती-घोडे खात नाहीत. ही कथा सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात संस्कृतात लिहिली, पुष्पदंतानं अपभ्रंशात गायली, आणि पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळी आपल्याच ग्वाल्हेरच्या कवी रइधूनं पुन्हा अपभ्रंशात रचली. ज्या काळात किल्ल्याच्या कड्यावर आदिनाथांची ती उंचच उंच मूर्ती कोरली गेली, त्याच काळात या गावात पिठाच्या कोंबड्याची कथाही पुन्हा लिहिली जात होती.

या कथेकडे आपण नेहमी भीतीनं बघतो. मला तिची दुसरी बाजूही दिसते. पिठाच्या कोंबड्यावर सुरी चालवताना जर भाव मोजला जात असेल, तर कागदाच्या पात्रावर रंग चढवताना, चिंधीच्या बाहुलीला डोळे काढतानाही तो मोजला जायला हवा. लुईझा आणि सेलिनानं बालपणापासून जे एकाग्रपणे केलं ते ‘बसल्या बसल्या’ झालेलं नाही. खोट्या कोंबड्याचं पाप खरं असेल, तर खोट्या नाटकघरावरची माया खोटी कशी?

आणि नाव लिहिण्याची रीत तर आपल्याकडे केव्हाचीच आहे. जुनी जैन हस्तलिखितं उघडून शेवटचं पान पाहा. तिथे प्रशस्ती असते. ग्रंथ कुणी लिहिला, कुणाच्या राज्यात, कोणत्या गावी, कुणी लिहवून घेतला आणि कुणाला दान दिला. त्यात पुष्कळदा श्राविकांची नावं येतात. अमक्याची भार्या अमुक, तिची सून तमुक, असं. पाचशे वर्षांनंतरही त्या बायका आपल्याला नावानं ठाऊक आहेत, कारण कुणीतरी शेवटच्या दोन ओळी लिहायचा कंटाळा केला नाही. ऋषभदेवांनी तर लिपी शिकवली ती लेकीला, ब्राह्मीला, आणि अंक शिकवले सुंदरीला. अक्षराची सुरुवात ज्या परंपरेनं मुलीच्या पाटीवर केली, तिनं बायकांच्या हातची वस्तू बेनाव ठेवावी हे शोभत नाही.

तेव्हा माझं मागणं फार मोठं नाही. घरात आजीनं मढवलेली लक्ष्मीची तसबीर असेल, आत्याचं रुखवतातलं देऊळ असेल, अकतीची जुनी बाहुली असेल, तर ती उलटी करा आणि मागे पेनानं लिहा. कुणी केली, कधी केली, कुणासाठी. आई किंवा काकू अजून सांगू शकते आहे तोवर तिला विचारून लिहा. शाई टिकणारी घ्या, तेवढं मात्र बघा.